गट नंबर दोनशे चौदामधली पावलं

डोलखारच्या घरतांच्या शेतात माणसाचा पाय पडला की त्याच मिनिटाला सरकारला कळायचं. समुद्र शिरला तरी कळायचं. फरक एवढाच, की समुद्राला माफ होतं.

असं का, ते आधी सांगायला हवं. खाडीच्या चिखलात एक जिवाणू राहतो. केसाहून बारीक. एकाला एक चिकटत हजारो पेशींची एक उभी तार होते. त्याचं अन्न खाली, सडक्या अंड्याच्या वासाच्या गंधकात. श्वासाला लागणारा प्राणवायू वर. मधे बोटभर चिखल. हे बोटभर अंतर तो विजेने जोडतो, खालचे इलेक्ट्रॉन तारेतून वर पोचवतो. जिवंत वायरच म्हणा. हे शास्त्रज्ञांना बरीच वर्षं माहीत होतं. पुढे कुठल्याशा प्रयोगशाळेत त्याची अशी एक जात निवडून वाढवली, की एकरच्या एकर चिखलात ती जाळं विणते. शेताच्या चार कोपऱ्यांत चार खुंट्या ठोकल्या, की त्या जाळ्यातला प्रवाह सतत मोजता येतो. चिखलात पाय पडला तर तेवढ्या ठशापुरत्या तारा तुटतात, प्रवाह घसरतो, आणि खुंटीला कळतं की पाय किती वजनाचा, अनवाणी की बुटातला, आधी टाच टेकते की चवडा. आठ-दहा तासांत तारा सांधतात. ठसा बुजतो, नोंद राहते.

आता हा उद्योग कशासाठी? तर शहरांनी सोडलेला धूर कुठेतरी गाडायला हवा म्हणून. खाडीकाठचा चिखल कर्ब गाडून ठेवण्यात जंगलालाही ऐकत नाही, पण त्याला कोणी हात लावता कामा नये. म्हणून खारजमिनीच्या मालकांना शेती न करण्याचे पैसे मिळू लागले. नाव काय ठेवलं, तर 'अस्पर्श संवर्धन अनुदान'. हे नाव ज्याने ठेवलं त्याला ह्या देशाचा इतिहास माहीत नसावा, किंवा चांगलाच माहीत असावा.

पाच एकरांच्या वरचे सत्तावीस मालक योजनेत गेले. त्यांची शेतं खाडीला लागून होती. पाच एकरांच्या आतल्यांना योजनाच नव्हती. कुणाचे तीस गुंठे, कुणाचा एक एकर, अशी ती तुकड्यांची शेतं मागच्या अंगाला, गावाच्या बाजूला, आणि त्यांच्या कडेला गावाचा गोड्या पाण्याचा तलाव. म्हणजे पुढे खाडी, मग मातीचा बांध, मग सत्तावीस मालकांचं अस्पर्श रान, मग गरिबांचा भात, मग पिण्याचं पाणी. बांध गेला तर कोणाचं काय जाणार, हे शाळेतल्या पोरालाही चित्र काढून दाखवता आलं असतं. योजना आखणाऱ्यांना नाही आलं. बांधावर जायच्या वाटाही त्यांनी अस्पर्शातच धरल्या. तीन वर्षं बांधाला कोणी चिखलाचा गोळा लावला नाही.

हरेश्वर घरताला दोष द्यायचा तर जपून द्यावा. नवव्या वर्षापासून चिखलात उभा राहिलेला माणूस. बावन्नाव्या वर्षी गुडघे असे गेले की परसात जायचं तर दोन्ही हातांनी भिंत धरायची. योजनेच्या पहिल्या हप्त्यांतून त्याने दोन्ही गुडघे बदलून घेतले. त्यावर एक प्रमाणपत्र आलं, 'संवर्धक शेतकरी श्री. हरेश्वर घरत' असं. ते त्याने ओटीवर टांगलं. आयुष्यात प्रथमच कोणी त्याला श्री. म्हटलं होतं. आता तो सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून नाक्यावर जायचा, आणि चिखलाकडे ढुंकून बघायचा नाही.

त्याच्या बायकोचं, कुंदाचं, असं नव्हतं. स्वतःच्या शेतात जायला बंदी, म्हणून ती बेबी म्हात्रेच्या तीस गुंठ्यांत लावणीला जायची. मजुरीने नव्हे, सावडीने. आज मी तुझ्याकडे, उद्या तू माझ्याकडे. आता कुंदाकडे 'उद्या' उरलाच नव्हता, पण बेबीने ते कधी काढलं नाही.

भाद्रपदाची अमावास्या दोन दिवसांवर आली. भात पोटरीतून बाहेर पडला होता. बेबीकडून परतताना कुंदा सडकेवर थांबली. त्यांच्याच शेतापलीकडे, बांधाच्या आतल्या पायथ्याशी, पाणी रटरटत होतं. बांध पाझरतोच, त्याचं भय नाही. पाझराचं पाणी निवळ असतं. हे गढूळ होतं. गढूळ म्हणजे खेकड्याने बीळ आरपार नेलंय, आणि पाणी येताना बांधाच्या पोटातली माती घेऊन येतंय.

ती घरी आली ती तशीच ओटीवर उभी राहिली.

"आवो, बांधाला चिंबोरीनी बील पारलाय. आरपार. गढूल पानी येतंय."

"मंग?" हरेश्वर मोबाईलमधून मान वर न करता म्हणाला.

"मंग काय मंग? अमावाशेला उधान हाय. बील बुजवाला पायजे. दोन मानसं, एक भारा पेंढा, घंटाभराचं काम."

"आपल्या शेतातून जाशील? येरी झालीस काय! एक पाऊल टाकलास त हप्ता बंद, आन् घेतलेला सगला परत."

"आन् बांध गेला त?"

"त समुद्र आत येल. तो नैसर्गिक. त्याला दंड नाय. आपला हप्ता चालूच." हे त्याने असं सांगितलं जसं काही देवाने दिलेलं वरदान.

"आपला हप्ता चालू. आन् बेबीचा भात? तलावातला पानी? खारा पानी काय तुमी पिनार, इस्त्री करून?"

हरेश्वरने मोबाईल खाली ठेवला. "कुंदा, ह्या चिखलानी माजे गुरघे खाल्ले. चालीस वर्सं खाल्ले. आता त्यानीच परत दिलेत. मी ते गुरघे काढून सरकारला देऊ काय?"

ह्याला उत्तर सोपं नव्हतं, आणि कुंदाने खोटं उत्तर दिलं नाही. तिने योजनेच्या नंबरला फोन लावला. पलीकडून गोड आवाजाचं यंत्र बोललं, "आपल्या भूखंडातील बदल नैसर्गिक स्वरूपाचा आहे. कृपया हस्तक्षेप करू नये. आपला हप्ता सुरक्षित आहे."

"हप्त्याचा कोनी इचारलाय गो, बाय? बांधाचा इचारलाय."

"आपला हप्ता सुरक्षित आहे," यंत्र म्हणालं.

अमावास्येला पाणी दुपारी भरतं. साडेअकराला कुंदा सडकेवर आली, तर बिळाच्या जागी बांध हातभर खचलेला. भरतीचा अजून तास बाकी. आता दोन माणसांचं काम राहिलं नव्हतं. खांड जाणार होती, म्हणजे बांध फुटून भगदाड पडणार होतं.

खारेपाटात, म्हणजे ह्या खाडीकाठच्या खारजमिनीच्या पट्ट्यात, ह्यासाठी एक जुना रिवाज आहे, कायद्याहून जुना. खांड दिसली की जो बघेल त्याने हाळी द्यायची. हाळी ऐकली की घरटी एक माणूस, असेल तसा, फावडं घेऊन निघायचा. वाट कोणाच्याही शेतातून, विचारायचं नाही. जो येणार नाही त्याच्या घरी पुढे कोणी जेवायला बसत नाही. भांडणं, कोर्टकचेऱ्या, निवडणुकीतली डोकीफोड, सगळं त्या तासापुरतं बाजूला. बांध राहिला तर मग पुन्हा डोकी फोडा.

कुंदाने चपला सडकेवर काढल्या आणि गट नंबर दोनशे चौदामध्ये पाय टाकला. चिखल तीन वर्षांत विसरला नव्हता. गुडघ्यापर्यंत घेतला त्याने तिला.

नाक्यावर हरेश्वरचा मोबाईल किंचाळला. "आपल्या भूखंडात अनोळखी व्यक्ती. वजन बासष्ट किलो. अनवाणी. उजवा पाय किंचित ओढून चालणारी." चहाच्या टपरीवरच्या सगळ्यांच्या माना वळल्या. बासष्ट किलो आणि उजवा पाय ओढणारी गावात एकच होती. लग्नाला तेहतीस वर्षं झाली होती, आणि यंत्राच्या लेखी ती तिच्याच शेतात अनोळखी होती.

बांधावर चढून कुंदाने दोन्ही हात तोंडाशी नेले.

"खांड हाऽऽय! खांड हाऽऽय! घरटी मानूस याऽऽ!"

तीन वर्षांत गावाने ही हाळी ऐकली नव्हती. मग मागच्या शेतातून बेबी म्हात्रे धावली, नुसतीच, फावडं विसरून परत फिरली आणि फावडं घेऊन पुन्हा धावली. तिच्या मागे तुकडेवाले सगळे. ते येणारच होते, त्यांचा भात होता. पण मग थळ्यांची सून आली. ठाकरांच्या दोघी जावा आल्या. योजनेतल्या मोठ्या घरांतल्या बायका, पदर खोचून, आपापल्या नवऱ्यांच्या अस्पर्श शेतांतून आडव्यातिडव्या चिखल तुडवत. सडकेवर नवऱ्यांची रांग लागली. एकेकाचा मोबाईल वाजतोय, एकेकजण खिसा चाचपतोय. बायकांचे फोन वाजत नव्हते. सरकारने बायकांचे नंबर घेतलेच नव्हते.

"बाहेर ये, कुंदा!" हरेश्वर घरचं फावडं हातात धरून सडकेवरून ओरडत होता. "सगला जाईल! आयकतंस काय?"

"फावरा टाका इकरं!" ती ओरडली. "तुमी नका येऊ, नवे गुरघे हायेत. फावरा तेवरा टाका!"

त्याने फावडं टाकलं नाही. हे लिहून ठेवायला हवं.

बांध कसा भरतात ते ज्याने पाहिलं नाही त्याला सांगून कळायचं नाही. आतल्या शेतातला चिखल फावड्याने चौकोनी कापायचा, हातोहात द्यायचा, खांडीच्या तोंडात पेंढ्याच्या थरावर बसवायचा आणि टाचेने तुडवायचा. पाणी एका बाजूने खातंय, तुम्ही दुसऱ्या बाजूने भरताय. कोण जास्त भुकेला, एवढाच प्रश्न. बेबी खांडीच्या तोंडात कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून तुडवत होती आणि शिव्या देत होती. समुद्राला, सरकारला, चिंबोरीला, आणि मधेमधे कुंदालाही, गोळे सावकाश येतात म्हणून.

"हात चालव गो! संवर्धन करतंस काय?"

बायका हसल्या. छातीत श्वास मावत नव्हता तरी हसल्या.

पावणेएकला पाणी बांधाच्या माथ्याला चार बोटं कमी राहून थांबलं. थांबलं, आणि मग वळलं. खांड बुजली होती. शेहेचाळीस माणसं चिखलाने माखून बांधावर बसली होती. त्यांत चाळीस बायका. मागे बेबीचा भात उभा होता आणि तलावातलं पाणी गोड होतं.

दुसऱ्या दिवशी योजनेची गाडी आली. गाडीतून उतरल्या डॉक्टर शर्वरी नाडकर्णी, योजनेच्या विभागीय अधिकारी. बाई हुशार होत्या, सभ्य होत्या, जिवाणूंवरच त्यांनी पीएचडी केली होती. बाई वाईट असत्या तर गोष्ट सोपी झाली असती.

समाजमंदिरात सत्तावीस मालकांना बसवून त्यांनी समजावलं. "नियम कडक आहेत, माझ्या हातात नाही. पण एक तरतूद आहे. घुसखोरी तुमच्या संमतीशिवाय झाली असेल, आणि तुम्ही बहात्तर तासांत तशी तक्रार नोंदवलीत, तर मालकाचं अनुदान चालू राहतं. कारवाई फक्त घुसखोरावर होते."

"घुसखोर म्हंजे कोन, मॅडम?" कोणीतरी विचारलं.

"जे शेतात शिरले ते."

"आमच्या बायका हायेत त्या."

"कागदावर त्यांचा जमिनीशी संबंध नाही ना," बाई म्हणाल्या. त्यांनाही ते बोलताना अवघड गेलं असावं, कारण त्या फायलीकडे बघून बोलल्या.

पहिली सही हरेश्वरने केली. मग सव्वीस जणांनी. एकही मालक सुटला नाही. संध्याकाळी तो घरी आला तेव्हा कुंदा भाकरी थापत होती.

"सही केली," तो म्हणाला. "तुना काय व्हनार नाय. मॅडम बोलल्या, नोटीस येल, समज देतील, सोरतील."

कुंदाने भाकरी उलटली. "ताट घ्या."

"कुंदा, दुसरा काय करनार व्हतो मी?"

"फावरा टाकनार व्हतात." तिने भाकरी त्याच्या ताटात वाढली, गरम. त्यापुढे त्या घरात पंधरा दिवस कामापुरतं बोलणं झालं.

कारवाई करायची तर घुसखोर कोण कोण हे सिद्ध करायला हवं. खुंटीकडे शेहेचाळीस चाली होत्या, नावं नव्हती. म्हणून शाळेच्या पटांगणात एक लांबलचक लाकडी पेटी आणली, तिच्यात तोच तारांचा चिखल भरला, आणि शेहेचाळीस जणांना एकेक करून तिच्यातून चालायला लावलं. पेटीतली चाल शेतातल्या चालीशी जुळली की पडद्यावर हिरवी खूण आणि खाली नाव. बायका नटून आल्या होत्या. बेबीने पैंजण घातले होते. "सरकार बघतंय माजी चाल," ती म्हणाली, "नवऱ्यानी त कई बघितली नाय."

कुंदाची पाळी आली. ती पेटीतून चालली. हिरवी खूण उमटली. पण यंत्र तिथे थांबलं नाही. पडद्यावर गट नंबर दोनशे चौदाचा नकाशा होता, आणि त्यावर ठिपके उमटू लागले. दहा, पन्नास, पाचशे. बांधालगत, पाणी सोडायच्या उघाडीच्या तोंडाशी, मधल्या वाफ्यांतून ओळीने, मागेमागे सरकणाऱ्या ओळींनी, जशी लावणीवाली बाई मागे सरकते. बघता बघता सगळं शेत हिरवं झालं.

"हा काय हाय?" कुंदाने विचारलं.

"काही नाही, जुना डेटा." यंत्रावरचा इंजिनियर घाईने म्हणाला. "योजना सुरू व्हायच्या आधी एक वर्ष आम्ही खुंट्या ठोकून नुसतं मोजलं होतं ना, नेहमीसारखी शेती करा म्हणून सांगून. पायाभूत वर्ष. त्यातली चालही जुळतेय तुमच्याशी. त्याचं आता काही नाही."

"हे सगले माजे पाय?"

"हो. दोनशे अकरा दिवस दिसतायत."

"आन् ह्यांचे?" तिने मालकाची नोंद बोटाने दाखवली. हरेश्वरची चाल यंत्राकडे सुरुवातीपासूनच होती, मालक म्हणून.

इंजिनियरने सवयीने बटण दाबलं. ह्या माणसाला कोणी दोष देऊ नये. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देण्याची सवय लागलेली असते. पडद्यावर एकोणीस दिवस उमटले, बहुतेक सडकेच्या कडेचे. गुडघे तेव्हाच गेले होते.

कुंदा त्या हिरव्या शेताकडे बघत राहिली. तीस वर्षं ती त्या चिखलात वाकली होती. सातबाऱ्यावर नाव नाही, पीकपाण्याच्या नोंदीत नाव नाही, योजनेच्या अर्जावर बायकोसाठी ओळसुद्धा नाही. आणि आता तिला पकडायला आणलेलं यंत्र तिचं एकेक पाऊल दाखवत होतं.

"बंद करा तो," मागून नाडकर्णीबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता.

"ऱ्हाऊ द्या, मॅडम," कुंदा म्हणाली. "बेबीनंतर ठाकरांच्या जावा हायेत. त्यांचाबी बघू द्या."

सुनावणी आठ-दहा दिवसांनी तालुक्याला लागली. तेवढ्या दिवसांत कुंदाने नोटीस दहा वेळा वाचली, बोट ठेवून, सावकाश. सातवीपर्यंत शिकली होती ती, आणि सरकारी मराठी कोणालाच एका वाचनात कळत नाही. एका ओळीवर तिचं बोट दर वेळी थांबायचं. 'सौ. कुंदा हरेश्वर घरत यांनी गट क्रमांक २१४ मध्ये'. तिचं नाव आणि त्या जमिनीचा नंबर एकाच सरकारी कागदावर, एकाच ओळीत. जन्मात पहिल्यांदा.

सुनावणीला शेहेचाळीस जण आणि सत्तावीस मालक, सगळेच आले. हॉलमध्ये खुर्च्या कमी पडल्या, पुरुष उभे राहिले. नाडकर्णीबाईंनी सुरुवातच गोड केली.

"वरिष्ठांशी माझं बोलणं झालंय. कोणावरही कारवाई होणार नाही. भरतीच्या पाण्यामुळे त्या दिवशी खुंट्यांनी चुकीची नोंद केली, असा अहवाल मी देते. नोटिसा मागे घेऊ. मालकांच्या तक्रारीही रद्द. सगळं पूर्ववत."

मालकांनी टाळ्या वाजवल्या. हरेश्वर सगळ्यांत पुढे. "मी मागे घेतो, मॅडम, तक्रार. आताच घेतो. कुठं सही करू?" त्याच्या चेहऱ्यावरचं इतक्या दिवसांचं ओझं उतरलेलं दिसत होतं.

"घेऊन त बघा मागं," कुंदा म्हणाली.

हरेश्वरने वर काढलेलं पेन खाली घेतलं.

"मॅडम, खुंटी चुकली म्हनता?"

"तांत्रिक दोष, हो."

"मंग ज्या खुंट्यांवर तीन वर्सं अनुदान वाटलात त्याबी चुकल्या असतील. ते सगला परत मागाल काय सत्तावीस जनांकरून?"

मालकांच्या टाळ्या कुठच्या कुठे गेल्या.

"तसं नाही," बाई म्हणाल्या. "एरवी यंत्र अचूक आहे. कायद्यानेच त्याची नोंद अंतिम पुरावा आहे. तिला कोर्टातही आव्हान देता येत नाही."

"हा. मना तेच पायजे व्हता, तुमच्या तोंडून." कुंदा उभी राहिली. "ह्यांनी अर्ज भरला व्हता. चवथ्या रकान्यात काय लिवलाय, वाचा की, मॅडम."

बाईंनी फाईल उघडली. त्यांना ते पाठच असावं. "'ही जमीन मी स्वतः कसत आलो आहे.'"

"तुमची अंतिम खुंटी काय बोलते? दोनशे अकरा दिवस कोन व्हती शेतात, आन् एकोनीस दिवस कोन?"

हरेश्वर खाली बघत होता.

"खुंटी खोटी असंल त सगल्यांचाच पैसा खोटा. खुंटी खरी असंल त जमीन कसनारी मी हाय. दोघांतला एक निवरा. आन् मी एकलीच नाय. ठाकरांच्या जावांचे पाय बघितलात तुमी, थल्यांच्या सुनेचे बघितलात. चालीला चाल तुमीच जुलवली, नावं तुमीच लावली. आमी काय सांगाला आयलो नव्हतो." तिने नोटीस वर धरली. "हा कागद मी परत देनार नाय. तुमी मागं घेतलात तरी देनार नाय. ह्याच्यावर माजा नाव हाय आन् माज्या शेताचा नंबर हाय. कसनारी म्हनून नोंद लावा, मंग बोलू."

"मीबी देनार नाय," बेबी म्हणाली. तिच्या तीस गुंठ्यांना ह्यातून काही मिळणार नव्हतं, पण ती कुंदाच्या सावडीत होती. मग ठाकरांच्या दोघी. मग एकेक करत सगळ्या उभ्या राहिल्या, कागद हातात.

"कुंदा," हरेश्वर हळूच म्हणाला, "माजा नाव कापतंस काय?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. ह्या माणसाचे गुडघे कसे गेले ते तिच्याइतकं कोणाला माहीत नव्हतं. "तुमचा नाव कोन कापतंय? मालक तुमी ऱ्हावा. एकोनीस दिवस तुमचे, दोनशे अकरा माजे. खुंटीनी सांगितला तेवरा. मी तिच्याहून जास्त मागत नाय, आन् कमी घेनार नाय."

नाडकर्णीबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. समोर दोनच वाटा होत्या आणि दोन्ही त्यांच्याच यंत्राने आखलेल्या. "हे मला वर कळवावं लागेल," त्या शेवटी म्हणाल्या. "वेळ लागेल. महिने लागतील. तोपर्यंत तुमच्यापैकी कोणीही त्या क्षेत्रात पाऊल टाकायचं नाही. ह्या वेळी समज नाही, थेट गुन्हा."

कुंदाने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. मनात तिथी मोजली.

"शुक्रवारी पुनव हाय," ती म्हणाली. "बाराला पानी भरंल. बांध अजून ओला हाय, पहिला घाव त्यालाच बसनार. शुक्रवारी अकरा वाजता आमी शेहेचालीस जनी-जन दोनशे चौदातून बांधावर जानार."

"मी परवानगी देऊ शकत नाही."

"परवानगी मागितलीय कोनी?" कुंदाने नोटिशीची घडी घातली आणि ब्लाउजमध्ये सरकवली. "तारीख सांगितली."